पेट्रोल सोडून बाकीचं

थोरल्यानं विम्याचा अर्ज टेबलावर ठेवला, त्यावर पेन आडवं ठेवलं आणि खुर्चीत रेलून बसला. "उद्या मुदत संपते गाडीची," तो मधलीला म्हणाला. "चौदा हजार दोनशे. यंदा थोडी सवलतही काढून आणलीय तुझ्यासाठी. चेक दे, मी पोचवतो."

दर वर्षी हा कार्यक्रम पाच मिनिटांत उरकायचा. थोरला विमा एजंट असल्यामुळे अर्ज तो आणायचा, मधली चेक फाडायची, आई चहा टाकायची आणि अप्पा गॅलरीतून खाली वाकून गाडी आहे ना जागेवर हे बघून घ्यायचे. अकरा वर्षांत कुणी आपली भूमिका विसरलं नव्हतं. यंदा मात्र मधलीनं पेन उचललं, त्याला टोपण लावलं आणि थोरल्याच्या शर्टाच्या खिशाला अडकवून टाकलं.

"धाकटा येऊ दे," ती म्हणाली. "मला सगळ्यांशी एकदाच बोलायचंय."

थोरल्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. या घरात सगळ्यांशी एकदाच बोलायचा मान अप्पांचा होता आणि अप्पा दमले की त्याचा. मधलीला सगळ्यांशी बोलण्यासारखं काही असू शकतं, हेच त्याला नवीन होतं. "चेकबुक संपलं का?" त्यानं जरा काळजीनं विचारलं.

चेकबुक संपलं नव्हतं. मधलीचा धीर संपला होता, आणि तोही चांगला सावकाश, एकोणीस वर्षं घेऊन. एवढी वर्षं ती चष्म्याच्या एकाच दुकानात काचा घासत होती. समोर गिऱ्हाईक फ्रेम निवडताना आरशात मुरडायचं आणि मागच्या खोलीत ही काच चाकाला लावून तिच्या कडा केसाएवढ्या अंतरानं उतरवायची. दुकान चष्मेवाल्या काकांचं होतं. काकांचे हात आता थरथरायला लागले होते, आणि थरथरत्या हाताचा चष्मेवाला कुणालाच नको असतो, हे त्यांचं त्यांनीच ओळखलं. "तू घेत असशील तर तुला," ते म्हणाले होते. "दोन लाख आधी दे, बाकीचे महिन्याला सहा हजारांनी फेड. महिनाअखेरपर्यंत थांबतो. नाहीतर मोबाईलवाला दारात उभाच आहे."

मधलीकडे साठ हजार साठलेले होते. त्या दिवशी घरी येऊन तिनं बँकेची जुनी पुस्तकं काढली आणि एकोणीस वर्षांची कमाई गेली कुठे याचा शोध लावायला बसली. दागिने नव्हते, प्रवास नव्हते, लग्न नव्हतं, धड दोन साड्या नव्हत्या. तासाभरानं तिला कमाई सापडली. ती खाली, इमारतीच्या भाड्यानं घेतलेल्या जागेत, चार चाकांवर उभी होती. आणि गंमत म्हणजे मधलीला गाडी चालवताच येत नव्हती.

गाडी तिच्या नावावर कशी आली, ही थोरल्याच्या हुशारीची गोष्ट. गाडी घ्यायची ठरली तेव्हा बँकेत एक पाटी होती, बाईच्या नावानं कर्ज घेतलं तर व्याज अर्धा टक्का कमी. थोरल्याच्या तोंडाला पाणी सुटलं. त्याची बायको पगारदार नव्हती, धाकट्याचं लग्न व्हायचं होतं, आईला बँकेत कुणी ओळखत नव्हतं. उरली मधली. दीड लाख अप्पांनी फंडातून घातले आणि पाच लाखांचं कर्ज मधलीच्या नावानं निघालं. हप्ते तिघांनी मिळून भरायचे ठरलं होतं. थोरल्यानं दोन भरले, धाकट्यानं एक भरला, पुढचे एक्क्याऐंशी भरताना कुणी तिच्या आड आलं नाही. अर्धा टक्का वाचवला म्हणून थोरला मात्र अजून अधूनमधून स्वतःची पाठ थोपटून घेत असे.

नियम अप्पांनी घालून दिला होता, जो चालवेल तो पेट्रोल भरेल. अप्पा पाणीपुरवठ्यात मीटर तपासनीस होते. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या नळाचे आकडे वाचले आणि तक्रार करणाऱ्यांना गप्प केलं. इतका सोपा आणि न्याय्य नियम दुसरा नाही, असं त्यांचं मत होतं. मुलांचंही होतं, कारण चालवायचे तेच.

धाकटा आला तो बायकोला घेऊन, आणि दारातच मोबाईल पुढे करत. "ताई, हे बघ. काल नेताना पेट्रोलचा काटा इथे होता, आणताना इथे. उलट एक रेघ जास्तच भरलंय मी."

धाकटा व्यायामशाळेत लोकांकडून वजनं उचलून घेतो. काट्याचा फोटो काढायची पद्धत त्याचीच. गाडी नेताना एक फोटो, आणताना एक. थोरल्यानं आपण भरलेलं एक लिटर पेट्रोल वापरलं या संशयावरून दोघे भाऊ मागे तीन महिने एकमेकांशी बोलत नव्हते. त्या तीन महिन्यांत गाडीचा क्लच गेला आणि मधलीनं नऊ हजार भरून बदलला, हे दोघांनाही कळलं नाही. बोलतच नव्हते तर कळणार कुठून?

"बस," मधली म्हणाली. तिनं वहीचं एक पान टेबलावर उलगडलं. "मी दुकान घेतेय. चष्मेवाल्या काकांचं."

आईच्या हातातला चहाचा ट्रे जागीच थांबला. "अगं बाई! खरंच?"

"वा!" धाकटा म्हणाला. "मग पार्टी?"

"आणि त्यासाठी गाडी विकतेय."

मग मात्र कुणी वा म्हणालं नाही. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मधलीनंच घासून दिलेल्या काचांतून त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की ही बाई कोण, कुठून आली.

"ही थट्टा असेल तर वाईट आहे," थोरला म्हणाला. "गाडी घरची आहे. आपल्या सगळ्यांची. तिला खर्च तो काय? किलोमीटरला सात पडतात. पेट्रोल तर आम्हीच भरतो."

"पेट्रोल सोडून बाकीचं कोण भरतं, दादा?"

"बाकीचं म्हणजे?"

आणि खरं सांगायचं तर त्यानं हे मनापासून विचारलं होतं. स्वतः गाड्यांचे विमे विकणारा हा माणूस, पण दर वर्षी बहिणीकडून चेक घेतल्यावर ती रक्कम त्याच्या डोक्यातून साफ धुतली जायची. मधलीनं पान त्याच्याकडे सरकवलं. थोरल्यानं ते दोन बोटांत धरलं, दुसऱ्याचा रुमाल धरावा तसं.

"मोठ्यानं वाच," ती म्हणाली.

"विमा चौदा हजार दोनशे," त्यानं वाचलं. "वर्षात दोनदा सर्व्हिसिंग, अकरा हजार सहाशे. खालच्या जागेचं भाडं चौदा हजार चारशे... एवढं घेतात? दुरुस्ती सोळा हजार तीनशे. धुणाऱ्याचे सहा हजार. टायर चार वर्षं चालतात म्हणून वर्षाला साडेचार हजार. धुराचा दाखला आणि दंड, तीन हजार. दंड कसला?"

"तो तुम्हालाच ठाऊक. पावत्या माझ्या नावानं येतात."

दोघे भाऊ एकाच वेळी चहाकडे वळले.

"सत्तर हजार झाले," धाकट्याची बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची आणि या घरात सहसा तोंड उघडत नसे. सासरी गणित न शिकवलेलं बरं, हे तिनं पहिल्या वर्षीच ओळखलं होतं. पण चुकीची बेरीज समोर असली की तिला राहवत नाही, आणि इथे तर बेरीजच केलेली नव्हती. "पण ताई, हे पुरं नाही. घट राहिली."

"कसली घट?" धाकट्यानं विचारलं. बायको विरोधी पक्षात बसतेय हे त्याच्या उशिरा ध्यानात येत होतं.

"किमतीतली. घेतली तेव्हा गाडी साडेसहा लाखांची. आज कितीला जाईल, ताई?"

"एक पंचावन्नला मागतोय. रंगकामाचा ठेकेदार आहे."

"म्हणजे चार लाख पंचाण्णव हजार उतरले. अकरा वर्षांत. वर्षाला पंचेचाळीस हजार."

थोरला हसला. विमा विकताना गिऱ्हाईक अडाणी निघालं की तो असाच हसायचा. "अगं, किंमत उतरली म्हणजे कुणाच्या खिशातून गेले का पैसे? ते कागदावरचं असतं सगळं."

"मग ते पाच लाख कुठे आहेत, दादा?" मधलीनं विचारलं.

"गेले."

"कुठे गेले?"

"गाडीत गेले!"

"आणि गाडीत कुणी घातले?"

भावजय शांतपणे पुढे सरकली. सत्तर आणि पंचेचाळीस, एक लाख पंधरा. तुम्हा दोघांचं पेट्रोल पस्तीस हजार धरू. दीड लाख. गाडी गेल्या वर्षी फिरली पाच हजार किलोमीटर. "किलोमीटरला तीस पडले. भाड्याची गाडी अठरानं मिळते, आणि तिच्यासोबत चालवणारा येतो. त्याला काट्याचा फोटोही काढावा लागत नाही."

आई पदर तोंडाला लावून हसली. धाकट्यानं बायकोकडे असं पाहिलं, की घरी चल, मग बघतो. तिनं बिस्किट घेतलं.

"आणि अजून एक," ती म्हणाली. "दादा, या पॉलिसीवर तुम्हाला किती कमिशन सुटतं?"

"तो व्यवसायाचा भाग झाला," थोरला म्हणाला, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मधलीनं त्याच्याकडे पाहिलं. हे तिला कधी सुचलंच नव्हतं. अकरा वर्षं ती याला सवलतीबद्दल थँक्यू म्हणत होती, एकदा तर त्याच्यासाठी शर्टाचं कापड आणलं होतं. तिला अंगभर राग आला, इतका, की आपला आवाज कापेल म्हणून ती थोडा वेळ पिशवीतल्या कागदांत डोकं घालून बसली.

तेवढ्या वेळात भावांनी तह केला. काट्याच्या रेघांवरून भांडणारे हे दोघे बहिणीविरुद्ध मात्र पाऊण मिनिटात एक झाले. "पैशाचं सोड," धाकटा म्हणाला. "अडीनडीला गाडी लागते की नाही? आईचे गुडघे बघ. तिला दवाखान्यात कशानं नेणार?"

"अगदी बरोबर," थोरला म्हणाला. "गाडी घेतलीच आईसाठी."

आईनं रिकामे कप गोळा करणं थांबवलं. "आतापर्यंत कशानं नेत होतात?"

"म्हणजे? गाडीनंच."

"कधी?"

थोरल्यानं धाकट्याकडे पाहिलं. धाकट्यानं थोरल्याकडे पाहिलं. प्रत्येकाची अशी पक्की समजूत होती की दुसरा नेतो.

"महिन्यातून दोनदा जाते मी," आई म्हणाली. "बसनं. पास काढलाय. आधी तुला फोन करायची, तर तुझी मीटिंग. याला करायची, तर याची व्यायामशाळा. मग म्हटलं, पोरांना कशाला ओशाळं करा. बसमध्ये बायका जागा देतात मला. गाडीत बसून शेवटची कधी गेले तेही आठवत नाही. हां, तुझ्या साडूच्या मुलीच्या लग्नाला गेले होते. तेव्हाही मागे तुम्ही खोकी ठेवली होती म्हणून मांडीवर पिशवी घेऊन बसले."

हे ऐकून मधलीलाही धक्का बसला. दर हप्त्याला ती मनाशी म्हणायची, जाऊ दे, आईची सोय होते. या एका वाक्यावर तिनं सात वर्षं कर्ज फेडलं होतं. ती दुकानात असताना आई कशानं जाते, हे तिनंही कधी विचारलं नव्हतं. तिला आईपुढे स्वतःचीच लाज वाटली, आणि त्यात भावांवरचा राग मिसळला.

तिनं पिशवीतून दुसरा कागद काढला. "हा मालकी बदलायचा अर्ज आहे. सही मी करून ठेवलीय. नाव मोकळं सोडलंय. ज्याला गाडी घरची वाटते त्यानं त्यात आपलं नाव घालावं. एक पैसा नको मला. फुकट. दुकानाचं मी माझं बघेन."

दुकानाचं ती काय बघणार होती, देव जाणे. फुकट गाडी दिली तर हातात साठ हजारच उरत होते. पण बोलून गेली. समजा, घेतली कुणी? मग मोबाईलवाला, आणि त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तिचं चाक भंगारात.

काळजीचं कारण नव्हतं. ती आपल्या भावांना अजून पुरती ओळखत नव्हती.

"माझ्याकडे जागा कुठे आहे उभी करायला?" थोरला म्हणाला. "आमच्याकडे तर जागेचं भाडं दुप्पट."

"दादा मोठा आहे," धाकटा म्हणाला. "त्याच्या आधी मी कशी घेऊ? बरं दिसेल का ते?"

"मला चालेल."

"नाही, पण तरी."

"तू तरुण आहेस. तुला जास्त लागते."

"मी तर आता सायकलच घ्यायचा विचार करतोय, तब्येतीसाठी."

अर्ज टेबलावरून एकदा या बाजूला गेला, एकदा त्या बाजूला. अकरा वर्षं ज्या गाडीच्या किल्लीसाठी दोघांनी सणावाराला तोंडं फिरवली होती, ती फुकट मिळत असताना दोघेही काखा वर करून बसले होते. धाकट्याच्या बायकोनं कागद उचलून पाहिला. "सत्तर हजार वर्षाला," ती नवऱ्याला म्हणाली, "तुझे चार महिन्यांचे पगार." त्यानं तिच्या हातातून कागद काढून घेतला आणि अगदी मधोमध, कुणाच्याच बाजूला पडणार नाही असा ठेवला.

"मग विकतेय मी," मधली म्हणाली.

"वीक बाई," थोरला उदार झाला. "आमचं काही म्हणणं नाही. फक्त एक. एक पंचावन्नाचे वाटे कसे करायचे? अप्पा, मी आणि धाकटा... आणि तू, तर चार."

मधली त्याच्याकडे बघतच राहिली. खर्च कुणाचा हे कळायला यांना सकाळपासून घाम फुटला होता. पण वाटे? ते तोंडी निघाले, शेषाशिवाय.

"करू ना वाटे," ती म्हणाली. या वेळी आवाज कापला आणि तिनं तो कापू दिला. "एक्क्याऐंशी हप्त्यांचे आधी करू. मग अकरा विम्यांचे. मग छत्तीस हजारांचे टायर घेतलेत मी आजवर, त्यांचे. तुम्ही दोघांनी किल्ली नेली, मी पावत्या सांभाळल्या. मला चाळिशीत पहिल्यांदा काहीतरी हवंय, दादा. स्वतःचं. तेही तुला चौथा हिस्सा करून हवंय का?"

थोरल्यानं आधाराला अप्पांकडे पाहिलं. धाकट्यानंही पाहिलं. या घरात गाडं अडलं की शेवटी अप्पांकडेच बघायची रीत होती.

अप्पा गॅलरीत जाऊन उभे होते. ते कधी उठले, कुणाला कळलं नव्हतं. कठड्यावर हात ठेवून ते खाली बघत होते. रोज सकाळी ते तसेच उभे राहायचे. खालून जाणारा कुणी वर पाहून "काय अप्पा, गाडी चकाचक!" म्हणाला, की त्यांचा दिवस चांगला जायचा. तीस वर्षं लोकांच्या दारात मीटर वाचत उभ्या राहिलेल्या माणसाच्या दारात शेवटी गाडी उभी राहिली होती. तिच्यात बसायची त्यांना फारशी हौस नव्हती. ती दिसली की पुरे होतं.

मधली त्यांच्यामागे गेली. बाकीचे आत थांबले, म्हणजे कान बाहेर ठेवून आत थांबले.

"रंगवाला," अप्पा न वळता म्हणाले. "डबे ठेवेल मागच्या सीटवर."

"ठेवेल."

"टपावर शिड्या बांधेल."

"बांधेल, अप्पा. कामाला लावेल तो तिला."

अप्पांनी कठड्यावरची धूळ तळव्यानं पुसली. मग म्हणाले, "दीड लाख मी घातले होते."

"तुम्हाला परत देते. दुकानातून फेडते, काकांसारखे हप्त्यानं."

"ते नको." त्यांनी हात झटकला. "तसं नाही म्हणत मी. पैसे तुझे. थोरला उगाच बोलतोय, त्याला सांगतो मी. पण..." त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "खाली जागा रिकामी दिसणार. लोक विचारतील, अप्पा, गाडी कुठे गेली? काय सांगू?"

मधलीला हसू आलं. दुसरं कुठलंही भांडण तिनं जिंकलं असतं. या प्रश्नाला मात्र वहीच्या पानावर आकडा नव्हता, आणि तिला कळलं, की गाडी विकण्यात अप्पांच्या बाजूनं एवढा एकच खर्च होता आणि तो आजवर कुणी मांडलाच नव्हता.

"सांगा, मुलीनं दुकान घेतलं," ती म्हणाली.

अप्पांनी मान हलवली. वाक्य त्यांना बरं वाटलं असावं. ओठ हलवून त्यांनी ते मनात म्हणून पाहिलं. मग खालून चाललेल्या कुणालातरी सांगावं तसे मान उंच करून म्हणाले, "गाडी होय? ती काढून टाकली. मुलीला दुकान घेऊन दिलं."

आत थोरला म्हणाला, "हे छान आहे, अप्पा."

मधलीनं डोळे मिटले. एकोणीस वर्षं, एक्क्याऐंशी हप्ते, आणि दोन मिनिटांत दुकान अप्पांचं झालं होतं. सोडून द्यावं, म्हातारा माणूस आहे, असं तिच्या मनात आलं. आजवर सगळं याच वाक्यावर सुटत आलं होतं.

"घेऊन दिलं नाही, अप्पा," ती म्हणाली. "तिनं घेतलं."

अप्पा रागावले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आतल्या दोन मुलांकडे पाहिलं, पुन्हा खालच्या गाडीकडे पाहिलं.

"पुन्हा म्हणा," मधली म्हणाली.

"म्हणतो ना," अप्पा चिडून म्हणाले. "घाई काय आहे? एवढं मोठं वाक्य, तोंडात बसायला वेळ लागतो." त्यांनी घसा खाकरला. पहिला शब्द निघाला, मग अडकले. कठड्यावरचा हात सोडून त्यांनी तो मधलीच्या हातावर ठेवला, काचेच्या बारीक कणांनी खरखरीत झालेल्या हातावर, आणि तो हात पहिल्यांदाच बघत असल्यासारखा उलटून पाहिला.

"मुलीनं दुकान घेतलं," अप्पा म्हणाले. "स्वतःच्या पैशानं."